आखूड बांधलेला दोर

कोकणच्या किनाऱ्याने शिडाच्या होडीतून एकट्याने गेलेला माणूस म्हणून मला सेलूत ओळखतात. त्याला बारा वर्षं झाली. ती गोष्ट मी शाळांतून सांगितली, वाचनालयात सांगितली, लग्नाच्या पंगतीतही सांगितली. तिच्यातला एक भाग खोटा आहे. माझं वय आता बहात्तर. तो भाग दुरुस्त करून ठेवतो.

माझी नोकरी येलदरीच्या धरणावर झाली. होडी तिथेच शिकलो. जलाशयाचं पाणी उतरतं, पण सावकाश, महिन्याला हात-दोन हात. वारा सुटला की होडी दगडांवर आपटते, म्हणून आम्ही ती दावणीच्या बैलासारखी आखूड बांधायचो. तीस वर्षं हाताला तीच सवय. निवृत्त झाल्यावर एक जुनी शिडाची होडी घेतली आणि हर्णैहून वेंगुर्ल्याला एकटं जायचं ठरवलं.

बायको म्हणाली, "आहो, हितं विहिरीत पाय घसरला तर गाव गोळा होतंय. तिथं कोण यायलंय तुमच्यासाठी?"

मी हसलो होतो.

ते हसू पहिल्याच दिवशी संपलं. धरणावरची लाट समोरून येते, दिसते. समुद्राची मागून येऊन होडी उचलायची, क्षणभर वर धरायची आणि मग खाली टाकायची. बायकोने बांधून दिलेले धपाटे कोरड्या तोंडात फिरत राहायचे, गिळवत नसत. किनारा दिसेनासा झाला की जीव घाबरा व्हायचा, म्हणून मी काठ धरून चालायचो, आणि खडक तर काठालाच असतात. पाणी कुठे पांढरं फुटतंय ते बघून बघून डोळे सुजले. मी मोठ्याने बोलायला लागलो होतो. "आता ते टोक. टोक गेलं की खाडी." भाषणांत मी सांगत आलो, भीती अशी वाटलीच नाही. खरं म्हणजे त्या दिवसांत दुसरं काही वाटतच नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी वारा चढला. एका खाडीच्या तोंडाशी दोन लाटा होडीत आल्या, गुडघ्याएवढं पाणी झालं. कसाबसा खाडीत शिरलो. जुना दगडी धक्का दिसला. पाणी धक्क्याच्या कडेपर्यंत भरलेलं होतं. गाठी नीट मारल्या. पुढचा दोर एका कडीला, मागचा दुसऱ्या कडीला, दोन्ही आखूड. मग आतलं पाणी उपसलं आणि होडीतच आडवा झालो.

जाग आली ती घसरत असताना. ओहोटी लागली होती. पाणी खाली गेलं आणि होडी दोन्ही दोरांवर धक्क्याला लटकली होती. बाहेरची कड पाण्यात बुडत चालली होती, पाणी आत येत होतं. मी "आई गं" म्हणून ओरडलो. शिडाच्या कापडात पाय अडकला होता. वरून एक हात आला आणि त्याने मला बगलेत धरून ओढून काढलं.

धक्क्यावर जाळं शिवत बसलेला एक म्हातारा कोळी होता तो. माझ्याहून वयाने मोठा, अंगाने वाळका.

"खंयचो रे तू?"

"परभणीकडचा."

"थंय दर्या आसा?"

"नाही, बाबा."

"तरीच! होडी काय बैल आसा, अशी बांधूक? सुकतीक पाणी उतारला की टांगतली, म्हायत नाय?"

बोलता बोलता त्याने एक तिसरा दोर होडीला अडकवला, धक्क्यावरच्या दगडी खुंटाला एक वेढा दिला आणि टोक माझ्या हातात दिलं. "ह्यो धर. मी मागली दोरी कापतंय. मी सांगतलंय तेवाच सोड."

तो कोयता घेऊन कडेला पालथा पडला. डाव्या हाताने त्याने माझ्या हातातल्याच दोराचा आधार घेतला होता, खुंटाच्या अगदी जवळ. मागचा दोर तुटला तशी होडीने हिसका दिला. मी दोन पावलं कडेकडे ओढला गेलो. खाली चिखलातून काळे खडक वर आलेले दिसले. मला वाटलं, ही मला घेऊन जाणार.

मी दोर सोडला.

त्याचा हात दोर आणि दगडाच्या मध्ये सापडला. तो ओरडला नाही, नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज आला. हिसक्याने पुढचा दोर तुटला आणि होडी सरळ खालच्या उथळ पाण्यात पडून चिखलात रुतली. कोयता तिच्यातच पडला. बायामाणसं धावत आली. त्याची दोन बोटं लोंबत होती. त्याला फडक्यात हात गुंडाळून घेऊन गेले. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. भरती लागेपर्यंत मी पाणी उपसत राहिलो आणि लागताच निघून गेलो. त्याचं नाव विचारलं नाही, घर विचारलं नाही. हात कसा आहे, तेही नाही.

पुढे सांगताना मी म्हणायचो, होडी लटकली तेव्हा मीच दोर कापले. लोक टाळ्या वाजवायचे. मला प्रत्येक वेळी धास्ती असायची, मागून कोणीतरी उठेल आणि विचारेल, कशाने कापले?

तो कोयता आमच्या स्वयंपाकघरात आहे. बाजारातून आणला असं मी घरी सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात बायको त्याने भोपळा फोडत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. तिने भोपळा बाजूला सारला.

"बारा वर्सं मी ह्या कोयत्यानं कापायलेय, आन् तुमी बघत बसायलाव?"

मी सांडलेल्या बिया गोळा करायला लागलो.

"एकच सांगा. दोर सुटला, का तुमी सोडला?"

हातातून निसटला, असं मी स्वतःलाही इतकी वर्षं सांगत आलो होतो. तेच तोंडावर आलं होतं.

"सोडला," मी म्हणालो.

तिने कोयता धुतला, पुसला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधला. "त्या कोळीबाबांनीबी हेच इचारलं तर असंच सांगायचं. मी बाजूला उभी राहीन."

परवाची कोकणची गाडी आहे. तो माणूस जिवंत आहे की नाही, ठाऊक नाही. धक्का मात्र मी ओळखेन. जेवण जात नाही, तोंड पुन्हा तसंच कोरडं पडलंय.