गुळणीकाकांची कवळी

नदी अडवून पाणी साठवणं या वीजकेंद्राच्या स्वभावातच नव्हतं. एक बुटका बंधारा, त्याच्या कुशीतून निघालेला कालवा, पाण्यातली वाळू खाली बसावी म्हणून लांबलचक टाकी, मग उतारावरून घसरणारा पाइप आणि तळाशी टर्बाइन. नदी देईल तेवढं घ्यायचं, वीज करायची, पाणी नदीला परत. पण पुरात नदी वाळूही सढळ हाताने देई, आणि ती टर्बाइनची पाती तासून काढी.

पाणी किती गढूळ, हे यंत्र सांगे. त्यात निरुपद्रवी चिखल किती नि वाळू किती, हे मात्र टाकीवरचे काकाच सांगत. घोटभर पाणी तोंडात घ्यायचं, दातांवर दात घासायचे, पचकन थुंकायचं. "चालू द्या," नाहीतर "बंद करा." सव्वीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. म्हणून ते गुळणीकाका.

काकूंना या कर्तबगारीचं काडीचं कौतुक नव्हतं. "अख्खं गाव त्या पाण्यात धुणी धुतं, आणि हे चव बघतात!" वाळूने निम्मे झिजलेले दात ठणकायला लागले, तशी त्यांनी नवऱ्याला कान धरून दवाखान्यात नेलं. सगळे दात गेले, कवळी आली. केंद्रात काकांनी कवळीबद्दल ब्र काढला नाही. दात गेले म्हणजे काका गेले, हा हिशोब त्यांनी मनाशी केव्हाच केला होता.

"काका, पेस्ट बदललीत वाटतं?" पांढरेशुभ्र दात पाहून एवढंच कुणीतरी म्हणालं.

आणि पूर आला. इंजिनियर मॅडम धावत टाकीवर आल्या. "बोला काका, लवकर! उगाच बंद केलं तर वरचे मला सोलतील, चालू ठेवलं तर पाती जातील."

काकांनी घोट घेतला. नवी कवळी तोंडात नुसती सटकत होती. दातावर दात बसेना, हिरड्यांना काही कळेना. "चालू द्या" अगदी ओठांवर आलं. खाली पाती गरगरत होती. काकांनी पाणी थुंकलं आणि पाठोपाठ कवळीही हातावर काढली.

"अगंबाई!" मॅडम हातभर मागे सरकल्या.

"भ्यायचं नाय," काका बोळक्या तोंडाने म्हणाले. वरची एका हातात, खालची दुसऱ्या हातात. दोन्ही पाण्यात बुचकळून त्यांनी मॅडमच्या कानापाशी कचकचून घासल्या.

करकर, करकर.

मॅडमनी खाली फोन लावला. "बंद करा. लगेच."

"काका म्हणाले का?"

"काकांचे दात म्हणाले."

काका पाठ फिरवून कवळी बसवत होते. घाईत खालची वर लागत होती.