फोल्डरातलं श्री

"काका, हा फोटो तुम्ही काढलेलाच नाही," इंजिनिअर फोनवर म्हणाला. "क्लाउडवर त्या दिवसाचा एकही फोटो नाही. सिस्टीम खोटं बोलत नाही."

"मंग कोण बोलतंय? मी?"

"तसं म्हणत नाही मी."

तसंच म्हणत होता. फोन स्पीकरवर होता. डॉक्टर साहेब ऐकत होते. समोर बाकड्यावर गयाबाई बसली होती, शेजारी तिचा नवरा आसाराम उभा होता. बाहेर रोडच्या कडंला त्यांच्या टोळीचा ट्रॅक्टर इंजिन चालू ठेवून उभा होता. दसरा झालेला. ऊसतोडीला निघालेली माणसं, वाटेत दवाखान्यापुरती उतरलेली.

गयाबाईच्या छातीत डाग होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तिचा फोटो काढला होता. एक्स-रेला आमच्याकडं फोटोच म्हणतात, मीही तेच म्हणणार. तो बघून साहेबांनी गोळ्या चालू केल्या आणि दसऱ्यानंतर परत या म्हणाले. ती आली. दुसरा फोटो काढला. डाग अजून हायच. पण पोळ्याला केवढा होता? लहान झाला असंल तर गोळ्या लागू पडल्या, तिनं त्याच घेऊन जावं. वाढला असंल तर तिला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, छातीत सुई घालून तुकडा तपासायचा. म्हंजी टोळी गेली, आणि बाई मागं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई राहिली की कोयता मोडला.

"साहेब, तुमाला काई आठवत न्हाई का?" मी विचारलं.

"मामा, दिवसाला चाळीस छात्या बघतो मी."

बरोबर हाय. पण मी काढलेला फोटो मी विसरत न्हाई. आजचा फोटो आज काढता येतो. पोळ्याचा फोटो दसऱ्याला काढता येत न्हाई.

गयाबाईनं पिशवीतून एक कागद काढला. पूर्वी आमी फिल्म द्यायचो, वर्षानुवर्षं टिकायची. मग साहेबांनी फिल्म बंद केली. आता सगळं क्लाउडवर हाय म्हणाले, पेशंटला साधा कागद द्या. तो कागद भाकरीच्या फडक्यात राहिलेला. त्यातला छातीतला डाग कुठला आणि तेलाचा डाग कुठला, कुणालाच सांगता आलं नसतं.

आता मी कोण, ते सांगतो. केजातल्या एका दवाखान्यात मी डार्करूमवाला. दवाखान्याचं नाव सांगत न्हाई. शाळा चौथी. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म धुवायचं काम मी तीस वर्षं केलं, आणि एक फिल्म कधी जास्त धुतली न्हाई की कमी. मग डिजिटल मशीन आलं, फिल्म धुणं संपलं. माझी खोली रिकामी झाली. तिथं एक काळा डबा आणून ठेवला, त्याला सर्वर म्हणतात. साहेब म्हणाले, मामा, किल्ली द्या. मी म्हणालो, खोली माझी हाय, डब्याला राहू द्या, पण किल्ली माझ्याकडं राहील. अशानं मी सर्वरवाला झालो. कोर्स-बिर्स काई केला न्हाई. इंजिनिअर जे टाइप करायचा ते मी वहीत अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचो. त्याचा अर्थ हळूहळू कळत गेला. ज्यांनी कोर्स केलाय त्यांनाही हळूहळूच कळतो, फक्त ते सांगत न्हाईत.

क्लाउड म्हणजे लांब कुठंतरी मोठ्या कंपनीचं गोदाम. वस्तू द्यायची, नंबर घ्यायचा, नंबर सांगून परत मागायची. तिथं कपाटं न्हाईत, खण न्हाईत. आता साहेबांच्या प्रोग्रामला खण लागतात. म्हणून मध्ये एक सॉफ्टवेअर बसवतात. ते गोदामालाच आपल्या कॉम्प्युटरातला एक फोल्डर असल्यासारखं दाखवतं. ह्याला माउंट करणं म्हणतात. ते कसं करायचं ह्याची एक ओळ एका फाइलीत लिहिलेली असती, कॉम्प्युटर चालू झाला की ती वाचतो. ओळीत कॉमा देऊन देऊन सूचना असतात. त्यांना माउंट ऑप्शन म्हणतात.

ती ओळ इंजिनिअरनं लिहिली. पुण्याचा, हुशार, सारखा घाईत. पहिल्याच दिवशी साहेबांना फोटो दिसंनात. डब्याचा मालक म्हणून ज्याचं नाव घातलेलं त्या इंजिनिअरला दिसायचे, दवाखान्याच्या मालकाला न्हाई. 'बाकीच्यांनाही बघू द्या' ही सूचना लिहायची राहिली होती. ती त्यानं घातली आणि "मायनर होतं" म्हणाला. जो घोटाळा आपण करतो तो मायनर असतो.

मग विजेचं लफडं सुरू झालं. आमच्याकडं वीज दिवसातून दोन-तीनदा जाती. वीज आली की डबा आधी उठायचा, नेट चार मिनिटांनी. ओळीत लिहिलं होतं, नेट आल्यावर माउंट कर. पण राउटरचा दिवा लागला की डब्याला वाटायचं नेट आलं. तारेत वीज होती, पलीकडं कुणी नव्हतं. गोदाम सापडलं न्हाई की डबा अडून बसायचा, चालूच व्हायचा न्हाई. मी इंजिनिअरला फोन लावायचो. रविवारीसुद्धा.

चौथ्या रविवारी त्यानं ओळीत एक सूचना वाढवली. नोफेल. म्हंजी, माउंट झालं न्हाई तरी चालंल, अडू नको, पुढं हो.

"आता काही झालं तरी मशीन चालू होणार," तो म्हणाला. "तुम्हाला मला फोन करायची गरजच नाही."

"आन गोदाम लागलंच न्हाई तर फोटो कुठं जाणार?"

"काका, तो विचार सिस्टीम करते."

मी नोफेल वहीत उतरवून घेतलं. पण आमच्या आज्यापासून एक रीत हाय. नवी वही घेतली की पहिल्या पानावर, वर मधोमध, श्री लिहायचं, मग बाकीचं. मी डार्करूमच्या प्रत्येक रजिस्टरावर लिहिलंय. गोदामाचा फोल्डर पहिल्यांदा उघडला तेव्हा त्यातही मी एक रिकामी फाइल केली आणि तिला श्री नाव दिलं. वर यावी म्हणून पुढं तीन शून्यं लावली. इंजिनिअरनं ती बघितली.

"हे काय आहे? झिरो बाइटची फाइल? आत काहीच नाही."

"श्रीच्या आत काय असतंय?"

तो लई हसला. "काका, सर्वरला पण हळदी-कुंकू करता का?"

"डबा माझ्या खोलीत हाय," मी म्हणालो. "खोलीची रीत डब्याला."

तेव्हापासून रोज सकाळी आल्या आल्या फोल्डर उघडायचा. आत दोनच गोष्टी दिसायच्या. वर माझं श्री, खाली चालू वर्षाचा फोल्डर. वर्षाच्या पोटात महिने, महिन्याच्या पोटात दिवस. श्री बघायचं, वहीत टिक मारायची आणि पेशंट आत घ्यायचा. त्या वहीला साहेबांचे कंपाउंडर लोक हसायचे. सगळं कॉम्प्युटरात असताना मामा अजून लिहितोय.

तर आता फोन स्पीकरवर, गयाबाई बाकड्यावर, आणि इंजिनिअर म्हणतोय की मी फोटो काढलाच न्हाई. वर म्हणाला, "किंवा काकांकडून चुकून डिलीट झालं असेल. वयानुसार होतं असं."

मी वही आणली. पोळ्याच्या आदल्या दिवसाचं पान काढलं आणि साहेबांपुढं ठेवलं. गयाबाईचं नाव होतं, वेळ होती, छाती उभी असं लिहिलेलं होतं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात टिक नव्हती. तिथं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, साहेबांनी मोठ्यानं वाचलं.

"श्री न्हाई. फोन केला. हसला."

मी फोनकडं वळलो.

"आठवतंय का?" मी विचारलं. "तू म्हणलास, वर्षाचा फोल्डर दिसतोय ना, मग झालं. काका, श्री तुमीच साफसफाईत उडवलं असंल."

"हो, म्हणजे... शक्यता आहे ना."

"साहेब, पुढचं पान वाचा."

पोळ्याच्या दिवसाचं पान. साहेबांनी वाचलं, "रात्री वीज गेली, आली. श्री हाय."

"उडवलेली फाइल आपणहून परत येती का?" मी फोनला विचारलं. "चौथीतल्या पोरालाही कळतंय, न्हाई येत. म्हंजी ती कुठं गेलतीच न्हाई. त्या दिवशी तो फोल्डरच आपला नव्हता. आता मला सांग. माउंट झालं न्हाई तर त्या नावाचा फोल्डर कुठला दिसतो?"

"लोकल."

"लोकल म्हंजी?"

"डब्याच्या स्वतःच्या डिस्कवरचा. रिकामा."

"त्यात मशीननं फोटो टाकला तर वर्ष-महिन्याचे फोल्डर नवे करती का?"

"करते."

"आन दुसऱ्या दिवशी गोदाम त्याच जागी माउंट झालं, तर खालच्या फोटोंचं काय होतं?"

बाहेर ट्रॅक्टरवाला ओरडला, "आसाराम, चल बे! आष्टीवाले पुढं गेले!"

"...खाली राहतात," इंजिनिअर म्हणाला. "झाकले जातात."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना सोप्या भाषेत सांगितलं. जमिनीवर कागद पसरलेत, त्यावर कुणी सतरंजी अंथरली. कागद तिथंच हायत. सगळे वरून चालतायत आणि कागद हरवले म्हणतायत.

"मंग सतरंजी उचला की!" गयाबाई म्हणाली. त्या खोलीत एवढा वेळ कुणी शहाणं बोललं असंल तर तीच.

"आत्ता काही करू नका," इंजिनिअर घाईनं म्हणाला. "प्रॉडक्शन सर्वर आहे. मी उद्या रिमोट घेतो, बॅकअप घेतो, मग बघू."

"उद्या ही बाई कर्नाटकात असंल."

"काका, रिस्क आहे."

"तुझी रिस्क तू नोफेल लिहिलंस तेव्हाच घेतली. माझ्या नावावर."

मी फोन साहेबांच्या हातात दिला आणि डार्करूममध्ये गेलो. पासवर्ड वहीत होता. एकदा इंजिनिअरनंच तो फोनवर ओरडून सांगितला होता, ओपीडीतल्या चाळीस माणसांनी ऐकला होता, लिहून फक्त मी घेतला. एक्स-रेच्या दारात स्टूल आडवं ठेवलं, मधेच कुणी फोटो काढून अजून एक थर लावू नये म्हणून. आणि अनमाउंटची, म्हंजी सतरंजी उचलायची, ओळ टाइप केली, एक एक अक्षर वहीशी ताडून.

डब्यानं ऐकलं न्हाई. बिझी हाय म्हणाला.

हे मला ठाऊक होतं. कुणी फोल्डर उघडून बसलं असंल तर तो सुटत न्हाई. मी परत साहेबांच्या केबिनीत गेलो.

"साहेब, तुमचा प्रोग्राम बंद करा."

"का?"

"तुमी सतरंजीवर बसलाय."

त्यांनी बंद केला. मी आत येऊन परत तीच ओळ टाइप केली. ह्या वेळी डबा काई बोलला न्हाई. हा डबा काई बोलला न्हाई की समजायचं काम झालं. माणसांत असा गुण कमी.

फोल्डर उघडला. श्री नव्हतं. वर्षाचा फोल्डर होता. त्यात तो महिना, त्यात तो दिवस, आणि त्या दिवशी काढलेले सगळे फोटो. नुसते त्याच दिवसाचे न्हाईत. अजून तीन दिवसांचेही निघाले, त्यातला एक पोळ्याच्या आधीचा, म्हणून तर त्या सकाळी वर्षाचा फोल्डर आधीच दिसत होता. त्या तिन्ही पानांवर वहीत टिक नव्हती.

फोटो पेनड्राइव्हवर घेतले. नेट आलंय हे आधी बघून गोदाम परत माउंट केलं, श्री दिसलं, तेव्हा स्टूल बाजूला केलं. मग साहेबांपुढं दोन छात्या शेजारी शेजारी लावल्या, पोळ्याची आणि दसऱ्याची.

साहेब खुर्ची पुढं सरकवून बघत राहिले. पट्टी लावली. परत लावली.

"मामा, निम्मा झालाय."

"म्हंजी?" आसारामनं विचारलं.

"म्हणजे गोळ्या लागू पडल्या. सुईची गरज नाही. ह्याच गोळ्या चार महिने, एकही दिवस चुकवायचा नाही."

"मंग जाऊ का मी?" गयाबाई उठलीच होती.

"जा."

छातीत डाग असलेल्या बाईला दिवसभर ऊस तोडायला जाता येतंय, म्हणून आमी सगळे खूश झालो. कशाकशाची खुशी मानावी लागती बघा.

मी तिला थांबवलं. बंद पडून राहिलेल्या फिल्मच्या प्रिंटरवर दोन्ही फोटो काढून दिले.

"फिल्म बंद केली ना आपण?" साहेब म्हणाले.

"तुमी केली. माझ्या कपाटात फिल्मचा एक डबा शिल्लक हाय. कारखान्यावर हिला खोकला वाढला तर तिथला डॉक्टर काय आपलं क्लाउड उघडणार हाय का?"

साहेब काई बोलले न्हाईत. डब्याचा गुण त्यांना लागला असावा. गयाबाईनं फिल्म उजेडात धरून बघितल्या, नवऱ्याला म्हणाली, "ह्या भाकरीत ठिवू नका," आणि दोघं ट्रॅक्टरकडं पळाले.

पुढच्या आठवड्यात इंजिनिअर स्वतः आला. नोफेल तसंच ठेवलं, कारण रविवार त्यालाही प्यारा हाय. पण खालच्या लोकल फोल्डराला कुलूप घातलं, त्यात कुणाला काई लिहिता येऊ नये म्हणून. आणि मशीनला एक अट घातली, फोल्डरात श्री दिसलं तरच फोटो साठवायचा, न्हाई तर लाल अक्षरात ओरडायचं. ही अट त्यानं कंपनीच्या रिपोर्टात इंग्रजीत लिहिली, आपल्या नावानं. साहेबांनी मला वाचून दाखवली. त्यात श्री होतं, मी नव्हतो. चालतंय. रजिस्टरावर श्री लिहिणाऱ्याचं नाव तरी कुठं असतं.

लोक म्हणतात, वहीवर श्री देवासाठी लिहायचं. असंल. माझा अनुभव असा, की वही आपलीच हाय ना, हे रोज सकाळी बघायलाही ते उपयोगी पडतं.

आता वीज जाऊन आली की इंजिनिअरचाच फोन येतो.

"काका, श्री दिसतंय ना?"

"दिसतंय."

"नक्की?"

"नसंल तर आधी वहीत लिहीन," मी सांगतो, "मग तुला फोन करीन."