दोन कपाटांतल्या दोन वह्या

आमचं चाव्या बनवण्याचं दुकान. दुकानामागे फळ्यांचा आडोसा आणि त्यामागे आमचं घर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका दुपारी आडोशापलीकडून यांचा चढलेला आवाज आला. यांनी आवाज चढवलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

"नंबर लिही, नाहीतर नाव लिही," हे धाकट्या भावाला सांगत होते. "दोन्ही एका पानावर आले की ती वही राहत नाही. चोराच्या हातात पत्ता दिल्यासारखं होतं."

भाऊजी म्हणाले, "दादा, चावी हरवली की गिऱ्हाईक रडत येतं. त्याला काय तुझं तत्त्व कापून देऊ?"

चावीवरचा नंबर हाती असला की मूळ चावी नसतानाही नवी कापता येते, हे मला त्या दिवशी कळलं. महिन्याभरात भाऊजींनी बाजारात स्वतःचं दुकान थाटलं. आमच्याकडे तेव्हापासून दोन वह्या. चाव्यांच्या नंबरांची दुकानातल्या कपाटात, माणसांच्या नावांची माझ्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. दोन्हींत जुळतो तो फक्त ओळीचा आकडा. हे गेले, मुलाने तीच रीत चालू ठेवली.

माझ्या नातीला घरात सगळे खटपटी म्हणतात. सात वर्षांची असताना तिने केसांतल्या पिनेने माझं कपाट उघडलं, पुन्हा लावलं आणि वर मला येऊन सांगितलं, की आजी, तुझं कुलूप काही कामाचं नाही. आता ती दिवसा तयार चाव्या घरोघर पोचवते आणि उरल्या वेळात प्रोग्रॅमिंग शिकते. लॅपटॉप कोणाचा तरी वापरलेला, झाकण रबराने बांधलेलं. आठ महिने रोज बसली, तापातसुद्धा.

एक कंपनी नवख्यांना घेणार होती. अर्जासोबत स्वतः केलेलं काम दाखवायचं, तेही कोणालाही उघडून बघता येईल असं इंटरनेटवर ठेवून. कुलपाशिवाय ठेवायचं काम आमच्या घरात पहिलंच. तिने दुकानासाठीच प्रोग्रॅम केला. गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की चावीचा नंबर समोर.

"आजी, तुझ्याकडची वही दे ना."

हात जरा अडखळला. पण तिचं तोंड बघितलं आणि दिली. मीच दिली.

मग मुलाखतीच्या सरावाला मला कंपनीची साहेबीण करून समोर बसवलं. प्रश्न तिनेच लिहून दिले होते. तुमच्यातला दोष काय, असं मी विचारलं. म्हणते, मी फार मेहनत करते. मी म्हटलं, बाई, खोटं बोलताना तू डावा कान खाजवतेस, तेवढं तिथे सांभाळ.

अर्जाची मुदत शुक्रवारी दुपारपर्यंत. गुरुवारी सकाळी दुकानात एक माणूस आला. कपडे परीटघडीचे, हातात चावी नाही, फक्त चिठ्ठी. चिठ्ठीवर नंबर. ही कापून द्या, म्हणाला. मुलाने मूळ चावी मागितली, तर हरवली म्हणे. नुसत्या नंबरावर आम्ही कापत नाही, असं मुलाने सांगितलं. तो हसला, चिठ्ठीची घडी घातली.

"काही हरकत नाही. बाजारात कापतात."

भाऊजींचा मुलगा आजही कापतो.

खटपटीने तोच नंबर लॅपटॉपवर टाकला. नाव आलं शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचं. गल्लीच्या टोकाला एकट्या राहतात. बहिणीकडे गेल्या होत्या, शुक्रवारी संध्याकाळी येणार होत्या.

"इंटरनेटवरच्या त्या कामात खरी नावं घातलीस?" मुलाने विचारलं.

"रिकामं बरं दिसत नव्हतं, बाबा. पण महिन्यापूर्वीच काढली." मग तिने उघडून बघितलं, तर जुन्या प्रतीत नावं तशीच होती. रोजच्या कामाची जुनी प्रतही तिथेच राहते म्हणे, पेन्सिलीचं पुसलं तरी खालच्या कागदावर वळ उरतो तशी. माणूस रोज कसं काम करतो ते कंपन्या त्यावरूनच बघतात.

"किती जणांनी बघितलं?"

"ते कळत नाही."

क्लासच्या सरांनी फोनवर सांगितलं, आधी सगळं झाकून टाक, साफ करून पुन्हा मांडता येईल, पण तुझ्यासारख्या नवखीचे त्यात दोन दिवस जातील. ते दोन दिवस कुलपांना हवे होते. तिने आठ महिने एका बोटाने झाकले आणि बापाबरोबर निघाली. बाईंना फोन करून त्यांच्या दाराला बाहेरून दुसरं जाडजूड कुलूप घातलं. मग बाकीच्या साठ-पासष्ट घरांची कुलपं बदलली. कोणी पाणी विचारलं, कोणी तोंडावर दार लावलं.

शुक्रवारी बाराला अर्ज गेला. कामाच्या रकान्यात तिने चार ओळी लिहिल्या: काय केलं, कोणाची दारं उघडी पडली, काम आता का दिसत नाही. मला वाचून दाखवलं. हात कानाकडे गेला नाही. कंपनीचं उत्तर मी हे लिहीपर्यंत आलेलं नाही.

संध्याकाळी बाईंची चावी तेवढी द्यायची उरली. मीही सोबत गेले. जाडजूड कुलूप जागेवर होतं. खटपटीने वाकून खालच्या, जुन्या कुलपाच्या भोकावर बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला ताजं तेल होतं, नवी कापलेली चावी पहिल्यांदा फिरवताना घालतात तसं. आम्ही तेल घातलं नव्हतं.

बाई पिशव्या घेऊन आल्या. खटपटीने बोट ओढणीला पुसलं, तेलाचं त्यांना सांगितलं आणि तिथल्या तिथे जुनं कुलूप काढून नवं बसवलं. मग नेहमीसारख्या चाव्या हातात दिल्या, खिडकीत नाही, पायरीवर नाही.

"बाई, दोन आहेत. बघून घ्या."

बाईंनी बघून घेतल्या. आतून कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत ती दाराशी उभी राहिली, तशी ती रोजच राहते. मग आम्ही निघालो.