अक्काच्या बोअरचे पाणी आणि नांदेडचा कोळसा

भाची मुक्ता हिच्या निरोपावरून मी लातूरहून नांदेडला निघालो. मधुमेही साखरेऐवजी चहात टाकतात त्या गोळ्यांतील कृत्रिम गोडी सांडपाण्यातून पाण्यात उतरते; ती शोषून घेणारा सच्छिद्र कोळसा मुक्ता तेथे तुराट्यांपासून, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांपासून, तयार करते. "मामा, येताना आईच्या बोअरचं पाणी आणा. तुलनेला निर्मळ पाणी पाहिजे," असे तिने बजावले होते.

पंच्याहत्तरी उलटल्याने एसटीत तिकीट पडले नाही. अहमदपूरला थोरल्या बहिणीकडे, म्हणजे मुक्ताच्या आईकडे, अक्काकडे मुक्काम केला. जेवणानंतर तिने बोअरलगतचा शोषखड्डा दाखवला. न्हाणीचे सांडपाणी, संडासाच्या टाकीतून वाहणारे पाणी, सारे त्यात मुरवलेले!

"थेंब वाया जात न्हाई. उन्हाळाभर सगळी गल्ली माझ्याच नळावर हाय."

मी तिचे कौतुकच केले.

लोह्याला चहासाठी उतरावे. मात्र बिनसाखरेचा असे आधीच सांगावे; मी त्यात माझ्या डबीतली गोडीची गोळी टाकतो. नांदेडला मुक्ताने चिमूटभर कोळसा माझ्या तळहातावर ठेवला. "ह्याच्या छिद्रांत आपल्या अंगणाएवढी जागा हाय, मामा."

दुसऱ्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरलेला होता. तिने गोडी मिसळण्यापूर्वीच अक्काच्या पाण्यात गोडी सापडली होती.

"बाटली कशाची होती?"

"नवी, काचेची. मी काय अडाणी आहे?"

"मग आईचा खड्डा कुठं हाय?"

बोअरला लागूनच, असे मी सांगितले आणि तिने बाटली बाजूला सारली. अक्का दिवसभर चहात त्या गोळ्या टाकते. ते द्रव्य शरीरात फारसे पचत नाही. जसेच्या तसे संडासात जाते आणि खड्ड्यातून बोअरमध्ये उतरते.

"तुझ्या कोळशाने गाळून घेऊ," मी म्हणालो.

"कोळसा गोडी धरील, मामा. संडासातून तिच्यासंगं जे आलंय, त्याचं काय?"

परतताना अहमदपूरला उतरलो, तेव्हा शेजारची बाळंतीण नळाखाली घागर लावत होती. मी नळ बंद केला.

"डोस्कं फिरलं का रे तुझं?" अक्का कडाडली.

खड्ड्यातले पाणी बोअरमध्ये उतरते, हे मी सर्वांसमक्ष सांगितले. मग अक्काने स्वतःच ती घागर पालथी केली.

वाचकहो, या रस्त्याने अवश्य जा. पण निघण्यापूर्वी आपल्या बोअरलगतचा खड्डा पाहून घ्या.

आज लातूरला अक्काचा फोन आला. "खड्डा बुजवायले. पण ती बाळंतीण पोरगी विचारायली, लेकराला इतके दिवस काय पाजलं? काय सांगू रे?"

समोरचा चहा निवला. गोळी डबीतच राहिली.