सरांची पावलं चारशेची पाचशे झाली

मैत्रिणींनो, आज टपालाने एक पाकीट आलं. तिकीट कमी होतं, दहा रुपये भरून सोडवलं. आत खेड्यातल्या शाळेच्या मुलांनी काढलेले दोन नकाशे आणि एक पत्र.

आमचे हे निवृत्तीनंतर दर शनिवारी स्वारगेटहून एसटीने त्या शाळेत गणित शिकवायला जात. शाळा ते मारुतीचं देऊळ हे अंतर मुलांनी मोबाइलच्या नकाशावर मोजायचं, मग ह्यांनी चालायचं आणि मुलांनी पावलं मोजायची. पौषात हे गेले.

पत्रात लिहिलंय, "काकू, मोबाइलवर अंतर दोन्ही वेळा तीनशे मीटर. सरांची पावलं जूनमध्ये चारशे, दिवाळीनंतर पाचशे. विचारलं तर सर नुसते हसले. आम्ही कुठं चुकलो?"

मुलं चुकली नव्हती हो. ह्यांचं पाऊल आखूड झालं होतं. दुधाचा एक खाडा माझ्या वहीतून सुटत नाही, आणि हे मला दिसलं नाही. उलट मंडईत मीच म्हणायचे, "अहो, पाय उचला, भाजी संपेल!"

"तू हो पुढे," हे म्हणायचे. आणि मी पुढे व्हायचे.

देवापुढे बसून उत्तर लिहायला घेतलंय. "तुमची मोजणी बरोबर होती," एवढंच लिहून झालं. पुढे मुलांना काय सांगू? उलट टपाली कळवा.