चंद्र-सूर्य कोरलेला दगड

आई गेल्यावर वडील माझ्याकडे पुण्याला राहायला आले. नजर अधू झाली होती. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस आता वाचता येत नाही म्हणून गप्प बसून राही. एकदा जेवता जेवता म्हणाले, "गावातला दगड एकदा बघून यायचाय."

आमचं गाव शहागडपासून आत, गोदावरीच्या काठावर; गावात तिला गंगाच म्हणतात. यादवांपैकी कुण्या राजाने ते ब्राह्मणांना दान दिलं होतं. महादेवाच्या देवळापुढच्या दगडावर तसा लेख आहे, वर चंद्र-सूर्य कोरलेले. ते आभाळात आहेत तोवर हे दान राहील, असं त्यात लिहिलंय. पुढे ब्राह्मणांची घरं एकेक करून बाहेर पडली, कुणी हैदराबादला, कुणी पुण्याला. सगळ्यांत शेवटी आम्ही निघालो.

दिवाळीनंतर आम्ही दोघं शहागडला उतरलो आणि जीपने गावात गेलो. वडिलांचे शाळेतले एक मित्र पारावर वाट बघत होते. शेतकरी माणूस, ऐंशीच्या घरातले. त्यांनी वडिलांचा हात धरला.

"आलास का? मला वाटलं, आता तू काही येत न्हाईस."

देवळाला नवा रंग दिला होता आणि त्या भरात दगडावरही ऑइलपेंट फासला होता. वडील खाली बसून बोटांनी चाचपू लागले. वरची चंद्रकोर लागली. अक्षरं मात्र बुजली होती. मग तिथेच हात ठेवून त्यांनी सगळा लेख तोंडपाठ म्हटला. मित्र टोपी काढून ऐकत होते.

"आपल्या घराच्या जागी काय आहे?" वडिलांनी विचारलं.

"ऊस हाय. चांगला आलाय."

वडिलांनी मान हलवली. उसापर्यंत जायचं का, असं मी विचारलं, तर नको म्हणाले.

मित्राच्या घरी जेवणं झाली. ते म्हणाले, "माझी वरची खोली रिकामीच हाय. राह्य की इथंच."

"राहिलो असतो रे. पण आता इथं माझ्या ओळखीचा तू एकटाच."

"मंग? एकटा पुरत न्हाई का?"

वडिलांनी दवाखान्याचं कारण सांगितलं. ते खरंही होतं.

हल्ली रोज संध्याकाळी मित्राचा फोन येतो. मी तो वडिलांच्या कानाला लावते. ते गंगेला पाणी किती आहे ते विचारतात, आणि तिकडून सविस्तर उत्तर येतं.