दिराच्या खिशातली किल्ली

प्रवासाच्या माझ्या यादीत पहिली ओळ कायम एकच असे: गाडीची किल्ली. दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस धाकट्या दिराने नागपूरहून बटणावर चालू होणारी गाडी आणली आणि मला हसून म्हणाला, "वहिनी, आता ते किल्ली-बिल्ली काटा तुमच्या यादीतून." मी काटली. त्याचा राग मला अजून आहे.

भाचीची धानोऱ्याच्या आश्रमशाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अकरा वाजता मुलाखत होती. चंद्रपूरहून आम्ही तिघं निघालो. दीर गाडी चालवत होता, पण त्याला गडचिरोलीतच काम होतं. तिथे तो उतरला आणि मी स्टिअरिंगवर बसले. इंजिन चालूच. आमच्याकडे चालक बदलताना गाडी बंद करत नाहीत. जुन्या जीपला पुन्हा धक्का मारण्यात अख्ख्या घराची उमर गेली आहे. निघताना गाडी काही वेळ टींटीं करत राहिली. मला वाटलं, पट्ट्यासाठी ओरडते आहे. पट्टा लावला.

पुढे जंगलातल्या नाक्यावर वनरक्षकाने डिकी तपासायला गाडी बंद करायला लावली. मग ती चालू होईना.

"चाबी कुठी आहे बाई?"

"चाबी नाही, बटण आहे."

"मंग दाबा न."

"तेच करून राहिले भाऊ."

"आमची जीप तं खिळ्यानंही चालू होते," तो म्हणाला आणि बॉनेटकडे बघत राहिला.

तेव्हा मला उमगलं. किल्ली होतीच. काडेपेटीएवढी, दिराच्या खिशात. ती जवळ आहे असा इशारा मिळाला, की ब्रेक दाबून बटण दाबल्यावर इंजिन सुरू होतं. एकदा सुरू झालं, की किल्ली गावात राहिली तरी गाडी बेलाशक चालते. बंद केली की मात्र ओळख दाखवत नाही. हिला म्हणे हुशार गाडी! हुशार असती तर गडचिरोलीतच जागची हलली नसती.

दहा वाजून गेले होते. मोबाइलला रेंज नाही. वनरक्षकाने धानोऱ्याची एसटी हात दाखवून थांबवली, भाचीला फाईलसकट चढवलं. गडचिरोलीकडे निघालेल्या एका जीपवाल्याजवळ मी दिरासाठी चिठ्ठी दिली आणि नाक्यावरच्या बाकावर बसून राहिले.

दीर दुपारी उगवला. खिशावर हात ठेवून म्हणाला, "पण वहिनी, तुम्ही गाडी बंदच काऊन केली?"

मी त्याच्या खिशातून किल्ली काढून माझ्या पर्समध्ये टाकली.

भाची वीस मिनिटं उशिरा पोचली होती. आडनाव यादीत शेवटचं, म्हणून वाचली. पुढे तिला नोकरीही लागली. दीर आजही पाहुण्यांना सांगतो, की मुलाखतीला ती त्याच्याच गाडीने गेली होती.